मोर्च्यातला पोरगा

१

डबीत चुन्याचा वास तेवढा उरला होता. क्षिप्रा कर्णिकनं ती उलटी करून टेबलावर आपटली, झाकणाच्या कडेत नख घालून पाहिलं, मग खाली बसून टेबलाखालची फरशी हातानं चाचपली. मेमरी कार्ड कुठंच नव्हतं. झाकणावर दवाखान्यातल्या चिकटपट्टीचा तुकडा तसाच होता, आणि त्यावर उत्तमरावांच्या थरथरत्या अक्षरात लिहिलेलं होतं: ‘मोर्च्यातला पोरगा’.

लेखकांना युद्धावर लिहायची हौस फार, आणि युद्धाची माहिती बहुधा सिनेमातली. क्षिप्रा त्यातली नव्हती. एकाहत्तरच्या लढाईवर कादंबरी लिहायचं ठरवल्यावर तिनं आधी माणसं शोधली. त्यात तिला कल्याणचे हवालदार उत्तमराव शेलार भेटले. उत्तमराव भरभरून बोलत. बूट कसे भिजायचे, चहा कसा थिजायचा, तोफेचा आवाज आधी कानात येतो की पोटात, सगळं सांगत. ज्ञानूचा विषय निघाला की मात्र म्हातारा एकदम गप्प व्हायचा.

ज्ञानू हा त्यांच्या मोर्च्यातला जोडीदार. वय एकोणीस. लढाईत तो दिसेनासा झाला, त्याचा देह मिळाला नाही, आणि पलटणीनं त्याला फरारी ठरवलं. साताऱ्याकडच्या त्याच्या गावात त्याची आई पळपुट्याची आई म्हणून मेली. धाकट्या बहिणीचं, शांताचं, ठरलेलं लग्न मोडलं ते पुन्हा जमलंच नाही. शांताबाई आता सत्तरीला आल्या होत्या आणि कल्याणमध्ये एका खोलीत एकट्या राहत होत्या.

पंधरवड्यापूर्वी दवाखान्यात उत्तमरावांनी क्षिप्राचा छोटा रेकॉर्डर मागून घेतला, सगळ्यांना बाहेर काढलं आणि एकट्यानं बोलून कार्ड चुन्याच्या डबीत बंद केलं. आधी शांताला ऐकव, मग तू ऐक, मग काय लिहायचं ते लिही, असं त्यांनी तिच्याकडून वदवून घेतलं. त्यानंतर चौथ्या दिवशी ते गेले. मधले दिवस शांताबाई तापानं झोपून होत्या. आज सोमवारी संध्याकाळी त्या क्षिप्राच्या घरी यायच्या होत्या. त्यांच्या भावाचं खरं काय झालं ते सांगणारा एकुलता एक आवाज कालपर्यंत या डबीत होता.

क्षिप्रानं मावशीला फोन लावला.

वासंती गुप्ते म्हणजे तिची सख्खी मावशी. ठाण्याच्या कोर्टात तिनं सरकारी वकील म्हणून उभी हयात घालवली होती, आणि निवृत्त झाल्यापासून खारकर आळीतल्या शेजाऱ्यांची उलटतपासणी घेऊन ती वेळ काढत होती. घोडबंदर रोडच्या गर्दीला शिव्या घालत ती वर आली, पाणीसुद्धा न घेता डबीसमोर बसली.

‘‘प्रत काढली नाहीस?’’

‘‘न ऐकण्याचं वचन दिलं होतं गं.’’

‘‘ऐकू नको म्हणाले होते. प्रत काढू नको म्हणाले होते का?’’

क्षिप्राच्या डोळ्यांत पाणी आलं तशी मावशीनं तो विषय सोडला.

काल दुपारी घरात तिघंच आले होते. क्षिप्रानं कादंबरीचं पहिलं प्रकरण वाचून दाखवायला त्यांना बोलावलं होतं. प्रकाशनाची संपादिका सोनल, उत्तमरावांचा मुलगा सुशांत आणि क्षिप्राचे कॉलेजातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक गुरुदत्त निमकर. टेबलावर उत्तमरावांच्या वस्तू मांडल्या होत्या: पदक, पोचे आलेला मग, पट्टा, ही डबी. क्षिप्रा म्हणाली होती की फौजेतलं तर त्यांनी सांगितलंच, पण पुढं डोंबिवलीला कारखान्याच्या गेटवर नोकरी केली तिथलंही बरंच सांगितलं, अजून सगळं ऐकून व्हायचंय. डबीत काय आहे ते तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. नंतर चहा झाला. सोनल तिच्या मदतीला आत आली, सुशांत फोनवर बोलायला बाल्कनीत गेला, सर टेबलापाशी बसून राहिले. मग सगळ्यांनी जागा बदलल्या. त्या तासाभरात प्रत्येकजण कधी ना कधी त्या टेबलापाशी एकटा होता.

‘‘संध्याकाळी शांताबाई येतील,’’ क्षिप्रा म्हणाली. ‘‘मी त्यांना काय सांगू?’’

‘‘काही सांगू नकोस. तोवर आपण तिघांना एकच प्रश्न विचारू,’’ मावशी चप्पल घालत म्हणाली. ‘‘आणि तो मी विचारणार. तू तोंड उघडायचं नाहीस.’’

२

सोनलचं ऑफिस नौपाड्यात. ती हुशार होती, घाईत होती आणि तिचा उत्तमरावांच्या आवाजावर डोळा होता हे क्षिप्राला पक्कं ठाऊक होतं. उत्तमरावांच्या रेकॉर्डिंगचे तुकडे पुस्तकाच्या जाहिरातीसाठी इंटरनेटवर टाकू, असा हट्ट तिनं महिनाभर धरला होता. क्षिप्रानं नाही म्हटल्यावर ती दोन दिवस बोलली नव्हती.

मावशीनं गोडगोड बोलून सुरुवात केली. उत्तमरावांच्या सामानातली एक वस्तू सापडत नाही, सहज चौकशी करतेय, एवढंच ती म्हणाली. सोनलनं पर्स उपडी करून दाखवायची तयारी दाखवली. मग मावशीनं डोळे मिटल्यासारखे केले आणि विचारलं, ‘‘मोर्च्यातल्या पोराबद्दल तुला काय माहीत आहे?’’

सोनल बघत राहिली. ‘‘कसला मोर्चा? आपलं पुस्तक वॉरवर आहे ना? क्षिप्रा, तू परत प्लॉट बदललास की काय?’’

तिच्या चेहऱ्यावर खरीखुरी धास्ती होती, पण ती छापखान्याला दिलेल्या तारखेची होती. मावशी उठली. खाली आल्यावर क्षिप्रा म्हणाली की सोनल नाटकात काम करायची, तिच्यावर विश्वास ठेवू नकोस. मावशीनं रिक्षावाल्याला हात केला.

कल्याणच्या वाटेवर क्षिप्राचा फोन वाजला. शांताबाई होत्या. त्यांनी सकाळीच अंघोळ करून ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि लवकर निघू का, असं त्या विचारत होत्या. क्षिप्राला खोटं बोलवेना आणि खरं सांगवेना. मावशीनं फोन तिच्या हातातून घेतला आणि म्हणाली, ‘‘तुम्ही निघू नका. आम्हीच येतो तुमच्याकडे.’’

आता रिकाम्या हातानं त्या खोलीत जायची वेळ मावशीनं स्वतःहून ओढवून घेतली होती.

३

सुशांत शेलारचं धान्याचं दुकान कल्याणच्या बाजारात, आणि गल्ल्यामागं वडिलांचा वर्दीतला मोठा फोटो. घराजवळच्या चौकाला वडिलांचं नाव मिळावं म्हणून त्यानं दोन वर्षं खेटे घातले होते. पुढच्या महिन्यात पाटी लागायची होती. अशा माणसाला वडिलांनी मरताना काय बोलून ठेवलंय याची भीती वाटणारच, आणि ती वाटते हे त्याच्याकडे पाहताच कळत होतं.

एक वस्तू सापडत नाही एवढं ऐकल्यावरच तो म्हणाला, ‘‘डबी ना?’’

क्षिप्रानं मावशीचा हात दाबला. सुशांतनं ते पाहिलं.

‘‘मी नाही घेतली, मॅडम. पण घ्यायला आलेलो, खोटं कशाला बोलू. बाल्कनीतून आत आलो तेव्हा टेबलाजवळ कोणी नव्हतं. हातात घेतलेली. मग ठेवून दिली. बाबांनी ती मला दिली नाही, तुम्हाला दिली. कायतरी विचार करूनच दिली असेल ना.’’

मावशीनं तोच प्रश्न विचारला. मोर्च्यातल्या पोराबद्दल तुम्हाला काय माहीत आहे?

सुशांतनं दुकानातल्या माणसाला बाहेर पाठवलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, ‘‘ज्ञानू. बाबा त्याचं नाव घ्यायचे नाहीत. दोघं एका मोर्च्यात होते. क्षिप्रामॅडम खंदक लिहितात, काल वाचताना मला मनात हसू आलेलं. खंदक किल्ल्याभोवती असतो. जमिनीत खड्डा खणून बंदूक लावून बसतात, त्याला फौजेत मोर्चाच म्हणतात. आमच्या घरात पण तेच चालायचं. आई रागावून खोलीत जाऊन बसली की बाबा म्हणायचे, मोर्चा पकडला.’’

तो हसला आणि लगेच त्याचा चेहरा पडला. बाबांनी त्या मोर्च्यात काहीतरी केलं असणार, असं त्याला लहानपणापासून वाटत आलं होतं. डिसेंबर आला की ते जेवणावरून उठून जायचे. शेवटी दवाखान्यात त्यांनी सुशांतला सांगितलं होतं की चौकाला माझं नाव देऊ नकोस. सुशांतनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं, आणि आता ते त्याला झोपू देत नव्हतं.

बाहेर आल्यावर क्षिप्रा जवळजवळ ओरडलीच. हाच आहे, डबी हातात घेतल्याचं त्यानं स्वतः कबूल केलं, याच्याइतकं गमावण्यासारखं दुसऱ्या कुणाकडं काय आहे?

‘‘खरं आहे,’’ मावशी म्हणाली. ‘‘पण ज्याला कार्ड हवं होतं तो डबीसकट खिशात घालील. ही डबी त्याच्या बापाची. चोरानं डबी जागच्या जागी ठेवली, म्हणजे चोरी उशिरा कळावी एवढाच त्याचा हेतू. डबीशी त्याचं काही नातं नव्हतं. आता तुझ्या सरांकडे चल.’’

‘‘सरांचा काय संबंध? ते माझं प्रत्येक पुस्तक आधी वाचतात. युद्धाशी त्यांचं काही देणंघेणं नाही.’’

‘‘तेच म्हणतेय मी,’’ मावशी म्हणाली, आणि तिनं डोंबिवलीची रिक्षा थांबवली.

४

प्राध्यापक निमकरांच्या दिवाणखान्यात पुस्तकांच्या बरोबरीनं एका तरुण मुलाचा फोटो होता आणि त्याला ताजा हार होता. क्षिप्रानं तो फोटो विद्यार्थिदशेपासून पाहिला होता. सदा गावंड. ब्याऐंशी साली डोंबिवलीतल्या एका रंगाच्या कारखान्यावर कामगारांचा मोठा मोर्चा गेला होता. निमकर तेव्हा तरुण प्राध्यापक आणि त्या मोर्च्याचे पुढारी. गेटवर झटापट झाली, सदाच्या डोक्याला मार लागून तो मेला, आणि निमकरांनी त्याच्या नावानं रात्रशाळा काढली. निम्म्या डोंबिवलीला त्यांच्याबद्दल आदर होता. क्षिप्राला तर वडिलांच्या जागी होते ते.

सरांनी स्वतः चहा केला. क्षिप्राच्या प्रकरणाची स्तुती केली. खंदकाचं वर्णन अंगावर काटा आणतं, असं म्हणाले. वस्तू हरवल्याचं ऐकून हळहळले. क्षिप्राला मावशीची लाज वाटायला लागली. तेवढ्यात मावशीनं कप खाली ठेवला.

‘‘सर, मोर्च्यातल्या पोराबद्दल तुम्हाला काय माहीत आहे?’’

सरांनी फोटोकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘‘रखवालदारांच्या लाठ्यांनी गेला तो. हे सगळ्यांना माहीत आहे. चौकशी झाली तेव्हाही तेच निघालं.’’

मावशी काहीच बोलली नाही. कोर्टात साक्षीदारासमोर अशी गप्प बसायची तिची जुनी सवय होती, आणि त्या शांततेत भलेभले बोलून जात.

सरांनी चष्मा काढला, पुसला. ‘‘आणि शेलार तेव्हा फाटकाच्या आत होते. आतून त्यांना काही दिसणं शक्यच नव्हतं.’’

बोलून झाल्यावर त्यांचा हात चष्म्यावरच थांबला. क्षिप्रा आधी मावशीकडे आणि मग सरांकडे बघत राहिली.

‘‘सर,’’ मावशी हळू आवाजात म्हणाली, ‘‘उत्तमरावांना काय दिसलं, असं मी विचारलंच नव्हतं.’’

५

मग मावशीनं शांतपणे सगळं मांडलं, समोर न्यायाधीश बसल्यासारखं. डबीवर तीन शब्दसुद्धा धड नाहीत, दोनच आहेत. मोर्च्यातला पोरगा. ते वाचून कार्ड चोरावंसं कुणाला वाटेल? सोनलला मोर्चा म्हणजे झेंडे आणि घोषणाच ठाऊक, पण तिनं लगेच विचारलं, कसला मोर्चा? ज्याच्या मनात काही नाही तो असंच विचारतो. सुशांत फौजीचा मुलगा, त्यानं अर्थ बरोबर लावला आणि भीतीही बरोबर जागी धरली. पण त्याच्याकडे संधी असून त्यानं डबी ठेवून दिली, हे त्यानं न विचारता सांगितलं.

‘‘तुम्ही ‘कसला मोर्चा’ असं विचारलं नाहीत, सर. युद्धावर कादंबरी लिहिणारीच्या घरातून वस्तू गेलीय, मी मोर्च्यातल्या पोराबद्दल विचारते, आणि तुम्ही थेट उत्तर देता. तेवढ्यावर मी तुम्हाला धरलं नसतं. सदाचा फोटो रोज समोर असतो, तो आठवणारच. पण उत्तमरावांचं आणि त्याचं नातं तुम्ही आपणहून जोडलंत. डबीवरचं वाचलेल्या माणसालाच ते जोडायची गरज.’’

क्षिप्राला आठवलं, पुस्तकात तिनं सगळीकडं खंदक लिहिलं होतं. वाचकाला तेच कळेल म्हणून. उत्तमरावांचा शब्द तिच्या इतका अंगवळणी पडला होता की तो दुसऱ्या कुणाला वेगळा ऐकू येईल, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

‘‘सर, त्यात सदाचं काही नव्हतं,’’ ती म्हणाली. ‘‘तो मोर्चा म्हणजे खंदक. कार्ड द्या ना मला. मी कुणाला काही बोलणार नाही.’’

सर खुर्चीत खचल्यासारखे बसले होते. ‘‘माहीत आहे मला. ऐकलं मी ते. माझं नाव कधी येतं म्हणून शेवटपर्यंत ऐकलं. आलंच नाही.’’

‘‘मग परत का नाही आणून दिलंत?’’

‘‘का नेलं ते सांगावं लागलं असतं.’’ त्यांनी स्वयंपाकघराकडे बोट केलं. ‘‘सांडशीत धरून जाळलं. काल रात्रीच.’’

क्षिप्रा उठून खिडकीशी गेली. या माणसानं तिला वाक्य कसं लिहायचं ते शिकवलं होतं. तिला त्याचा इतका राग आला की मागं वळून बघायचीही इच्छा होईना.

मग पाठीमागून सरांचा आवाज येत राहिला. दगड त्यांनी फेकला होता. गेटवर फेकला होता, गर्दीच्या मागून, तो पुढच्या सदाच्या डोक्यात बसला. सदा पडला आणि कुणीतरी ओरडलं की लाठी मारली, लाठी मारली. त्यांनी ते खोडून काढलं नाही. फाटकाच्या सळ्यांमागं शेलार उभे होते आणि आपल्याकडेच बघत होते, असं त्यांना त्या दिवसापासून वाटत आलं होतं. शेलार कधी एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी खरंच काही पाहिलं होतं की नाही, हे आता कुणालाच कळणार नव्हतं.

‘‘तुम्ही पोलिसांत जाणार,’’ सर म्हणाले.

‘‘ते नंतर बघू. पोलीस प्लॅस्टिकच्या तुकड्याची चोरी लिहून घेतील,’’ मावशी म्हणाली. ‘‘त्यानं शांताबाईंचा भाऊ परत येत नाही. उत्तमराव काय बोलले ते ऐकलेला माणूस जगात आता एकच आहे. उठा.’’

‘‘मी त्यांना कसं सांगू? त्या विचारतील, तुम्हाला कसं ठाऊक.’’

‘‘विचारतील. तेही सांगायचंय.’’

६

मावशीनं वाटेतून सुशांतलाही बोलावून घेतलं. शांताबाईंच्या खोलीत चौघं मावत नव्हती, म्हणून क्षिप्रा दाराला टेकून उभी राहिली. निमकर पलंगाच्या कडेला बसले. त्यांनी आधी पळवाट शोधलीच. क्षिप्राकडे मी ते ऐकलं, आता मशीन बिघडलंय, असं काहीसं ते बोलू लागले.

‘‘मग दुरुस्त झालं की ऐकू,’’ शांताबाई म्हणाल्या. ‘‘उत्तमदादांच्या तोंडचं ऐकायचंय मला. तुमी कोन, मला ठावं न्हाई. परक्याच्या सांगण्यावर माझा भाऊ पळाला असं सगळ्यांनी मानलं. आता परक्याच्याच सांगण्यावर पळाला न्हाई असं मी कसं मानू?’’

निमकरांनी मावशीकडे पाहिलं. मावशीनं नजर हलवली नाही. क्षिप्राला वाटलं, हा माणूस आता उठून जाणार, आणि गेला तर त्याला अडवायला आपल्याकडे काहीच नाही.

ते उठले नाहीत. त्यांनी सदापासून सुरुवात केली. दगड, फाटक, फोटो, डबी, सांडशी, काही गाळलं नाही. शांताबाई ऐकत होत्या. कार्ड जाळल्याचं आलं तेव्हा त्यांनी पदराचं टोक तोंडात धरलं, पण त्यांना थांबवलं नाही. मग निमकर ज्ञानूकडे आले.

मोर्च्यात दोघंच होते. समोरून मारा वाढला तसे उत्तमराव घाबरले आणि हुकूम नसताना बाहेर पडून मागं सरपटत निघाले. ज्ञानू म्हणाला, तू हो पुढं, मी गोळी चालू ठेवतो. उत्तमराव मागं वळून बघत नव्हते, पण ज्ञानू मध्येच तोंडात दोन बोटं घालून शीळ घालत होता, मी आहे म्हणून कळावं यासाठी. तोफेचा गोळा पडला, मोर्चा मातीनं बुजला आणि शीळ थांबली. साहेबांनी विचारलं तेव्हा उत्तमराव म्हणाले, तो आधीच निघून गेला होता. आपण मोर्चा सोडला हे लपवायला.

सुशांतनं तोंड दोन्ही हातांत झाकून घेतलं.

‘‘शीळ,’’ शांताबाई म्हणाल्या. ‘‘शिळेचं आणिक काय बोलले?’’

निमकर आठवू लागले. ‘‘असं म्हणाले की, ज्ञानूला ती घरी शिकवलेली होती. धाकट्या बहिणीनं. शेतात पाखरं हाकताना. पोरीच्या जातीनं शीळ घालायची नाही म्हणून आईनं तिला मारलं होतं, आणि ज्ञानू आईला म्हणाला होता, तिनं नाही, मी घातली.’’

शांताबाई रडल्या. एवढ्या वर्षांचं सगळं एकदम बाहेर आलं, आणि कुणी त्यांना उगी राहा म्हणालं नाही. ती गोष्ट त्या खोलीतल्या कुणाला ठाऊक असणं शक्य नव्हतं. क्षिप्राही रडत होती. मावशीनं तेवढ्यात कागद काढला आणि निमकरांनी सांगितलेलं लिहून घ्यायला लागली. सुशांत म्हणाला, त्याखाली माझीपण सही घ्या, चौकाला बाबांचं नाव नको, हे मी उद्याच जाऊन सांगतो.

निमकरांनी सही केली आणि ते जायला उठले. शांताबाईंनी डोळे पुसून त्यांना हातानं थांबवलं.

‘‘त्या दुसऱ्या पोराला, सदाला, बहीण आहे का?’’

निमकर पुन्हा पलंगावर टेकले. ‘‘आहे. टिटवाळ्याला.’’

‘‘तिला ठावं आहे?’’

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. दरवर्षी ती हार घालायला येते आणि आपल्या पाया पडते, एवढंच ते कसंबसं म्हणाले.

शांताबाईंनी खुंटीवरची किल्ली घेतली, पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि दारातल्या चपलांत पाय घातले.

‘‘चला. मी येते बरोबर,’’ त्या म्हणाल्या. ‘‘एकट्यानं तुमच्यानं बोलवणार न्हाई.’’

वासंतीमावशी रिक्षा बघायला खाली गेली.